रात्रीची वीज कुणाची? : तारापूर, जैतापूर आणि आपला फीडर

(सटाणा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. समोर बसलेल्यांपैकी किती जण रात्री दोन वाजता मोटार चालू करायला विहिरीवर गेले आहेत? हात वर करा. (बहुतेक हात वर होतात.) बरं, म्हणजे आजच्या विषयाची ओळख करून द्यायची गरजच नाही. (हशा)

विषय अणुऊर्जेचा आहे आणि मी विहिरीपासून सुरुवात करतोय, याचं कारण सांगतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने यायची. रात्रीची पाळी असली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. आई जागी असायची. साप, विंचू, बिबट्या, ओल्या पायाने धरलेला स्टार्टर, सगळ्याचीच भीती. मोटारीचा आवाज आला की ती म्हणायची, "पोचले." लाईट किती आली याचा हिशोब आमच्या घरात कुणी केला नाही. ती कधी आली, एवढंच विचारायचे.

पुढचा तासभर तुम्हाला जो इतिहास सांगणार आहे तो या "कधी"चा आहे. सरकारी घोषणा नेहमी मेगावॉटमध्ये असते, म्हणजे "किती"मध्ये. माझं म्हणणं असं आहे की सूर्य आणि वाऱ्याच्या जमान्यात अणुऊर्जेची जागा कोणती, हे मेगावॉटवरून कळत नाही. ते घड्याळावरून कळतं. आणि दुसरी गोष्ट, ते लोकांच्या विश्वासावरून कळतं. या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

कोळशापासून लांब

पश्चिम महाराष्ट्र आणि गुजरातची जुनी अडचण अशी, की कारखाने इथे आणि कोळसा लांब. विदर्भात आहे, त्याहून पुढे पूर्वेकडे आहे. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा परवडेना म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या पावसावर वीज केली. 1915 मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, आणि वाटलं की सुटला प्रश्न. मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयनेचा भूकंप. वीजनिर्मिती थांबली आणि मुंबईचे कारखाने अडकले. एकाच आधारावर उभं राहणं किती धोक्याचं असतं, हे त्या पहाटे समजलं.

होमी भाभांचा विचार याच्या आधीपासून चालू होता. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि 1956 मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. भाभांचा युक्तिवाद साधा होता. कोळशाच्या खाणींपासून लांब असलेल्या भागात रेल्वेने कोळसा वाहून आणण्यापेक्षा अणुवीज परवडेल. म्हणून पहिलं अणुवीज केंद्र खाणींपासून लांब, समुद्राच्या पाण्याजवळ, मुंबई आणि गुजरात दोघांनाही वीज देता येईल अशा जागी निघालं. ती जागा म्हणजे तारापूर, आजच्या पालघर जिल्ह्यात.

1963 मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने दोन अणुभट्ट्या उभारल्या, आणि 28 ऑक्टोबर 1969 ला केंद्र रीतसर सुरू झालं. प्रत्येकी 210 मेगावॉट, दोन्ही मिळून 420. भाभा ते पाहायला नव्हते. 1966 च्या जानेवारीत विमान अपघातात ते गेले.

420 हा आकडा आज लहान वाटतो. पण तेव्हा कोयनेचे पहिले दोन टप्पे मिळून 560 मेगावॉटचे होते, म्हणजे तारापूर ही त्या काळातली मोठीच भर होती. आणि ती एका वेगळ्या स्वभावाची भर होती. कोयनेचा नळ हवा तेव्हा उघडता येतो, पण पाणी मोजकं. अणुभट्टीचं उलट. इंधन एकदा भरलं की ती रात्रंदिवस एकसारखी चालते. तिचा सगळा खर्च उभारणीत असतो, इंधनात कमी. म्हणून ती बंद ठेवणं परवडत नाही. हा स्वभाव लक्षात ठेवा, शेवटी तो कामाला येणार आहे.

इंधन दुसऱ्याचं

तारापूरच्या या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध केलेलं युरेनियम लागतं. ते आपल्याकडे नव्हतं, अमेरिका देणार होती. 1974 मध्ये पोखरणला आपण अणुचाचणी केली, 1978 मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, आणि इंधन अडकलं. ऐंशीच्या दशकात फ्रान्सने दिलं, नव्वदच्या दशकात चीनने, पुढे रशियाने. मुंबईच्या उत्तरेला उभं असलेलं केंद्र, आणि त्याची चूल पेटवायची की नाही हे ठरणार वॉशिंग्टन, पॅरिस आणि बीजिंगमध्ये! मधल्या काळात दोन्ही अणुभट्ट्यांची क्षमताही 210 वरून 160 मेगावॉटवर आणावी लागली.

या अनुभवातून आपण स्वतःच्या वाटेवर ठाम झालो. साधं युरेनियम आणि जड पाणी वापरणारी अणुभट्टी ही ती वाट. तारापूरलाच 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॉटची दोन नवी युनिटं सुरू झाली, ती देशी बांधणीची. मिळून तारापूर 1400 मेगावॉटचं झालं. जुनी दोन युनिटं मात्र 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. पन्नास वर्षं चाललेलं यंत्र, त्यात नवल नाही.

इथे कुणी म्हणेल, "बघा, म्हणूनच सूर्य बरा. त्याला कुणाचं इंधन लागत नाही." बरोबर आहे. ऊन्हाचं बिल येत नाही. पण आपल्या छपरावरचे पॅनल पाहा. त्यातले सेल, त्याआधीची वेफर, हा माल अनेक वर्षं चीनमधून येत राहिला. परावलंबन संपलं नाही, त्याचं रूप बदललं. फरक एवढाच, की युरेनियम थांबलं तर केंद्र आज बंद पडतं; पॅनल येणं थांबलं तर जुने पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालूच राहतात. हा फरक लहान नाही.

अक्करपट्टी आणि पोफरण

आता विश्वासाची गोष्ट. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. शेती आणि मासेमारी करणारी माणसं. नव्या जागेवर घरं मिळाली, पण समुद्र लांब गेला. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं चालला.

आपण बागलाणचे लोक, आपल्याला धरण माहीत आहे. हरणबारी, केळझर, पलीकडे चणकापूर. धरण ज्याच्या शेताला पाणी देतं त्याला ते देऊळ वाटतं आणि ज्याचं घर बुडतं त्याला ते वेगळंच दिसतं. अणुप्रकल्पाचंही तेच. मुंबईत पंखा फिरतो तेव्हा त्याला पोफरण आठवत नाही. पण जैतापूरला आठवलं.

2010 : दोन आश्वासनं

आता मला तुम्हाला एका वर्षापाशी थांबवायचं आहे. 2010. तेव्हाचे दिवस आठवा. एन्रॉनचं दाभोळ 2001 मध्ये बंद पडलं होतं. 2005 मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन. मुलं दहावीचा अभ्यास चिमणीवर करत होती.

त्या एकाच वर्षात दोन मोठी आश्वासनं दिली गेली. जानेवारीत राष्ट्रीय सौर मिशन जाहीर झालं. 2022 पर्यंत 20 हजार मेगावॉट सौरवीज. त्या वेळी देशात सौरवीज नगण्य होती, लोक हसले. आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले, जैतापूरचे करार झाले. रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर तालुक्यातलं माडबन. 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट. जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र होणार म्हणून सांगितलं गेलं.

तीन महिन्यांत, 11 मार्च 2011 ला, जपानमध्ये त्सुनामी आली आणि फुकुशिमा घडलं. कोकणात विरोध होताच, तो पेटला. 18 एप्रिल 2011 ला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमार तरुणाचा मृत्यू झाला. आंबा, काजू, मासे यांवर जगणारी माणसं विचारत होती की समुद्रात गरम पाणी सोडलं तर माशांचं काय? किती भूकंप सोसेल ही भट्टी? वापरलेलं इंधन कुठे ठेवणार? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञही खोटं बोलत नव्हते. सुरक्षेची उत्तरं त्यांच्याकडे होती. पण उत्तर देणाऱ्यावर विश्वास नसेल तर उत्तर पोचत नाही.

पुढे तिथल्या फ्रेंच कंपनीचीच आर्थिक घडी विस्कटली, दुसरी फ्रेंच कंपनी पुढे आली, 2021 मध्ये तिने प्रस्ताव दिला. विजेचा दर काय पडणार, अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, यावर घोडं अडलं ते अडलंच. युरोपात याच प्रकारच्या अणुभट्ट्या बांधताना वर्षं आणि खर्च दोन्ही कित्येक पटींनी वाढले, तेही सगळ्यांनी पाहिलं. दीड दशकानंतरही माडबनच्या सड्यावर अणुभट्टी उभी नाही.

आणि ज्याला हसलो तो सूर्य? जानेवारी 2025 मध्ये देशाची सौरक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

थांबा, टाळ्या वाजवू नका. (हशा) इथे मेगावॉटचा घोटाळा आहे. सौरप्रकल्प वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी वीज देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत. चांगला चाललेला अणुप्रकल्प ऐंशी टक्क्यांच्या वर देतो. म्हणजे 100 मेगावॉट सौर हे वर्षाच्या युनिटांमध्ये साधारण 25 मेगावॉट अणूच्या बरोबरीचं. तरीसुद्धा सूर्य जिंकला, कारण तो वेळेत आला. सौरप्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. अणुप्रकल्पाला दहा वर्षं कमीच. 2010 मध्ये शाळेत जाणारी पोरं आज शेती करतायत, त्यांनी किती वाट बघायची?

सेलबारीच्या पलीकडे

हा बदल पाहायला आपल्याला दिल्लीला जावं लागत नाही. ताहाराबादहून सेलबारी घाटाने पिंपळनेरकडे जा. साक्री तालुक्यातल्या डोंगरांवर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दिसतील. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. तिथेही जमिनीच्या तक्रारी झाल्या. स्वच्छ विजेला जमीन लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उलट, युनिटामागे सूर्याला अणूपेक्षा पुष्कळ जास्त जमीन लागते.

मग 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा. कल्पना सोपी. गावाजवळच्या सबस्टेशनला छोटा सौरप्रकल्प जोडायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. ही माझ्या दृष्टीने महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासातली मोठी घटना आहे. कारण पहिल्यांदाच कुणीतरी "किती" सोडून "कधी" असा प्रश्न विचारला. जिथे ती वीज नीट पोचली आहे, तिथे आईला रात्री जागावं लागत नाही.

दिवस सूर्याचा, रात्र कोळशाची

मग झालं का सगळं? नाही. कारण दिवसाच्या विजेवर आता सूर्याचा हक्क वाढतोय, पण रात्र अजून कोळशाकडेच आहे. संध्याकाळी सात वाजता राज्यभरातले दिवे, टीव्ही, पंखे एकदम लागतात आणि त्याच वेळी सूर्य मावळलेला असतो. महाराष्ट्राची कमाल मागणी आता 30 हजार मेगावॉटच्या घरात जाते. तारापूरची चारही युनिटं पूर्ण ताकदीने चालली तरी 1400, आणि त्यातही दुसऱ्या राज्यांचा वाटा. मग ही रात्र कोण भरतं? एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, कोराडी, चंद्रपूर. आपल्या रात्रीचा धूर दुसऱ्याच्या गावात निघतो.

कोळसा जायचा असेल तर या रात्रीला काय? तीन उत्तरं आहेत. एक, साठवण. दिवसाच्या उन्हावर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. हे नवीन नाही, घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प 2008 पासून आहे. बॅटऱ्याही स्वस्त होतायत. दोन, वारा. आपल्याकडे वारा पावसाळ्यात जोरात असतो, नेमका सूर्य ढगाआड असतो तेव्हा. आणि तीन, अणू.

आपल्या पूर्वजांनी हे कोडं पाण्याच्या बाबतीत सोडवलं होतं. मोसम आणि आरमच्या काठची फड पद्धत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड करायचे, एका फडात एकच पीक, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडायचं. शक्यतो प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी. त्यात नदीचा कायम वाहणारा प्रवाह होता, पुराचं येणारं-जाणारं पाणी होतं, आणि दोन्हींचा मेळ घालणारी माणसं होती. विजेच्या ग्रीडला नेमकं हेच हवं आहे. सूर्य-वारा हे पुराचं पाणी. आलं की भरपूर, गेलं की नाही. अणू हा बारमाही झरा. लहान, पण न आटणारा.

झऱ्यावर अख्खा फड भिजत नाही, हे खरं. देशात आज अणुवीज एकूण निर्मितीच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहे. अनेक दशकं आपण ती याच पातळीवर पाहिली. 2025 च्या अर्थसंकल्पात 2047 पर्यंत एक लाख मेगावॉटचं उद्दिष्ट जाहीर झालं, आज आपण नऊ हजारांच्या आसपास आहोत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी एवढंच म्हणेन की अणुऊर्जेची जुनी उद्दिष्टंही मोठी होती आणि हाती आलं ते थोडं. पण थोडं म्हणजे निरुपयोगी नव्हे. जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये शेवटची तीन अणुकेंद्रं बंद केली, तेव्हा तिथे कोळसा अजून जळतच होता. चालणारा झरा आधी बुजवायचा आणि धूर नंतर थांबवायचा, हा क्रम मला उलटा वाटतो.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. जे अणुप्रकल्प उभे आहेत ते सुरक्षित ठेवून चालवा, त्यांच्या रात्रीला किंमत आहे. नवे बांधायचे तर त्यांची तुलना भर दुपारच्या सौरविजेशी करू नका. रात्री नऊच्या कोळशाशी करा, साठवणुकीशी करा, आणि उभारणीला लागणारी वर्षं त्या हिशोबात धरा. आणि त्यांच्या नावाखाली आज मिळू शकणारा सूर्य थांबवू नका.

शेवटचं. आपल्या गावाचं दैवत एक सरकारी अधिकारी आहे. यशवंतराव महाराज, आपले देवमामलेदार. दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, दरवर्षी यात्रा भरवतो. लोक सरकारवर विश्वास ठेवत नाहीत असं म्हणणाऱ्याने एकदा सटाण्याला यावं. लोक विश्वास ठेवतात. अडचणीच्या वेळी आपल्या बाजूने उभा राहिलेला माणूस ते विसरत नाहीत, आणि न राहिलेलाही विसरत नाहीत. अणुभट्टीला युरेनियम लागतं तितकीच ही गोष्ट लागते, आणि ती कुठल्याही देशाकडून आयात करता येत नाही.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आपल्याला सर्वांत जवळचं अणुकेंद्र तारापूरच ना? तिथे काही झालं तर आपल्यापर्यंत धोका येईल का?

नाही, इथेच गंमत आहे. सटाण्याहून तारापूर सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. डांगच्या पलीकडे, गुजरातमधल्या तापी जिल्ह्यातलं काक्रापार त्याहून जवळ आहे, शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथे 700 मेगावॉटची दोन देशी युनिटं 2023 आणि 2024 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे आणीबाणीचं नियोजन केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटरच्या परिघासाठी केलेलं असतं, त्या हिशोबाने आपण पुष्कळ लांब आहोत. पण खरं ते सांगायला हवं. काक्रापारला 1994 मध्ये पुराचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं होतं आणि मार्च 2016 मध्ये एका युनिटात गळती होऊन आणीबाणी जाहीर झाली होती. दोन्ही वेळा बाहेर हानी झाली नाही. अशा घटना लपवल्या तर भीती वाढते, सांगितल्या तर लोक विचार करतात.

प्रश्न : आता छोट्या अणुभट्ट्या येणार म्हणतात. सटाण्याला एखादी बसवता येईल का?

(हशा) 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी 20 हजार कोटी ठेवले आहेत आणि 2033 पर्यंत किमान पाच देशी बनावटीच्या सुरू करण्याचं उद्दिष्ट आहे. त्यांचा पहिला उपयोग मोठ्या कारखान्यांना आणि बंद होणाऱ्या कोळसा केंद्रांच्या जागी होईल, असं दिसतं. आपल्यासाठी माझा पहिला प्रश्न वेगळा असेल. अणुभट्टी लहान असली तरी थंड करायला पाणी लागतं. मे महिन्यात आरमच्या पात्रात उभं राहून मला सांगा, ते कुठून आणायचं? तोवर आपल्या फीडरवर दिवसाची लाईट पूर्ण आठ तास येते का, ते आधी विचारा. तो प्रश्न आजचा आहे.